बिनआवाजाची फायनल

“तुझा! हैदर, तुझा!”

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. घसा ताणल्याचं तेवढं कळलं. बॉल डाव्या कोपऱ्यातून उंच आला होता. माझ्या डोक्यावरून जाणार की कपाळावर आदळणार, याचा अंदाज येत नव्हता. मी खाली वाकलो. त्याच क्षणी मागून हैदर आला, माझ्या पाठीवर गुडघा टेकवून वर गेला आणि दोन्ही पंजांत बॉल धरून माझ्यासकट खाली पडला.

मग पायऱ्यांवरून जो आवाज उठला, तो कानांनी ऐकायचा आवाजच नव्हता. खालच्या मातीतून यायचा, टाचेतून चढायचा आणि छातीच्या पिंजऱ्यात शिरून बसायचा.

मी सांगतोय ते कोल्हापुरातलं, शहाऐंशी सालातलं. मी शिवतेज कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन होतो. उदाजी सरनोबत, स्टॉपर. म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यातली शेवटची भिंत. आणि गोलात हैदर शिकलगार. उंची बेताचीच, पण हात असे लांब की कॅन्टीनमध्ये तो बसल्या जागेवरून दुसऱ्या टेबलावरची भजी उचलायचा.

आमचं मैदान बघायला हवं होतं तुम्ही. तिन्ही बाजूंनी काळ्या दगडी पायऱ्या, चौथ्या बाजूला भिंत आणि भिंतीपलीकडे पेठेतली कौलारू घरं. मॅच असली की पाच-सहा हजार माणूस पायऱ्यांवर आणि शे-दोनशे कौलांवर. घरवाले ओरडायचे, “कौलं फुटत्यात की रं!” आणि मग तेच शिडी लावून वर चढायचे. शंकरतात्या आवळे गिरणीतली पाळी बदलून घेऊन हलगी आणायचे. त्यांच्या हलगीवर पहिली काडी पडली की सगळ्या पायऱ्या एका सुरात सुरू व्हायच्या: “शिवतेजचा आला वारा, गुंडाळा रं पसारा!” इचलकरंजीचा एक फुलबॅक तर मॅचच्या मधेच कानांवर हात ठेवून उभा राहिला होता.

आमच्या मैदानावर रेफ्रीची शिट्टी कुणालाही ऐकू यायची नाही. रेफ्रीही ते शिकले होते. शिट्टी फुंकायचे आणि हात वर करायचे. आम्ही खेळाडू एक डोळा बॉलवर आणि एक डोळा रेफ्रीच्या हातावर ठेवून खेळायचो. माझ्या आणि हैदरच्या तर खुणाच ठरल्या होत्या. मी पाठीमागे हात नेऊन पंजा उघडला की बॉल त्याचा, मूठ वळली की माझा. ही युक्ती हैदरचीच. पहिल्याच सरावाच्या दिवशी तो म्हणाला होता, “उदा, हितं बोंबलून उपेग न्हाई. हात दाखवत जा.” आमचे क्रीडाशिक्षक मंडलिक सर यांना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्या संघाला खुणा शिकवल्या. दोन वर्षांत घरच्या मैदानावर आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो.

बाहेर मात्र हैदरचं काहीतरी बिनसायचं. सांगलीला एकदा शिट्टी होऊन खेळ थांबला होता, सगळे कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि या पठ्ठ्यानं बॉल उचलून थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला. पिवळं कार्ड मिळालं. मिरजेला रेफ्री त्याला दोनदा हाक मारत होता, तर हा पाठमोरा मोजे नीट करत बसला. मंडलिक सर तापले. “फार मोठा झालास होय रं तू? रेफ्रीला पाठ दाखवतोस?” हैदर नुसता हसला. त्याच्या त्या हसण्यानं सर आणखी भडकले. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, घरच्या पब्लिकनं डोक्यावर घेतल्यामुळे गडी चढलाय.

त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेची सेमीफायनल आमच्या मैदानावर झाली. आम्ही दोन-एकनं जिंकलो. पण शेवटच्या पाच मिनिटांत आमचा एक गोल लाइन्समननं नाकारला आणि पायऱ्यांवरून दगड आला. कुणी मारला ते कधीच कळलं नाही. लाइन्समनच्या भुवईवर चार टाके पडले. दोन दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं: फायनल ठरल्याप्रमाणे शिवतेजच्याच मैदानावर होईल, पण फाटकं बंद ठेवून. आत फक्त दोन्ही संघ, त्यांचे शिक्षक, डॉक्टर आणि समितीची माणसं. भिंतीलगतच्या घरांवर कुणी चढू नये म्हणून पोलीस.

पेठेत सुतक पडल्यासारखं झालं. शंकरतात्या मला चौकात भेटले. डोळे भरून आले होते त्यांचे. “पोरा, एका गाढवानं दगड मारला आनि शिक्षा सगळ्या गावाला,” म्हणाले.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी हैदरनं मला दुकानावर बोलावलं. शिकलगार गल्लीत त्यांचं धार लावायचं दुकान होतं. मी गेलो तेव्हा तो एकटाच होता. विळे, कात्र्या, खाटकांचे सुरे यांचा ढीग आणि मधोमध फिरणारा दगड. पातं दगडाला टेकलं की असा कर्कश आवाज व्हायचा की माझे दात आंबायचे. तो मात्र दगड न थांबवताच बोलायला लागला.

“आदी थांबीव की ते!” मी कानावर हात ठेवून म्हणालो.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग दगडाकडे आणि दगड फिरवायच्या पट्टीवरून पाय काढला. दगड हळूहळू थांबला. हातातला सुरा त्यानं फडक्यावर ठेवला.

“उदा, मला ऐकू येत न्हाई,” तो म्हणाला.

“म्हणून तर दगड बंद कर म्हटलं.”

“आता बंदच हाय,” तो म्हणाला. “तरीबी न्हाई येत.”

मला आधी चेष्टाच वाटली. मग त्यानं सांगितलं. सहावीत असताना मोठा ताप आला होता, त्यात डावा कान गेला. उजवा हळूहळू उतरत गेला. आता त्या कानाशी येऊन कुणी ओरडलं तर कळायचं, नाहीतर तो तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचा. वर्गात पहिल्या बाकावर का बसतो, अंधारात आमच्याबरोबर गप्पा मारायला का थांबत नाही, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दोन वर्षं मी त्या माणसाच्या पुढे चार पावलांवर उभा राहत होतो.

“आनि कुणाला म्हाईत हाय?”

“अब्बांना. अम्मीला. आता तुला.”

“सरांना सांगायला पायजे, हैदर.”

“येडा झालास?” तो उठून उभाच राहिला. “उद्या मुंबईचा मानूस येनार हाय. सरकारी खात्याच्या टीमला गोलकीपर पायजे त्यांना. खेळाडू म्हनून नोकरीला चिकटलो तर जन्माचं कल्याण हाय माझं. आनि बहिऱ्याला कोन घेनार?”

 तो पुन्हा खाली बसला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, म्हणजे त्याला हळू वाटेल अशा आवाजात, “घरच्या मैदानावर मला काय अडचण नसतीया. तितं समदेच बहिरे असत्यात. माझ्यासारखे.” आणि थोडं थांबून, “एक सांगू? त्यो आवाज मला ऐकू येतो, उदा. पब्लिकचा. कानानं न्हाई, हितनं.” त्यानं छातीवर हात ठेवला. “हलगी कळती, बोंब कळती. अम्मीचा आवाज कसा होता ते इसरलो मी, पर आपल्या पब्लिकचा आवाज मला पाठ हाय. आनि उद्या त्योच नसनार.”

“मग करायचं काय?”

“तू फकस्त माझ्या म्होरं ऱ्हा. हात दाखवत ऱ्हा. बाकी मी बघून घेतो.”

मी त्याला शब्द दिला. कॅप्टन म्हणून द्यायला नको होता, मित्र म्हणून दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही मैदानात उतरलो आणि मला स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. पायऱ्या रिकाम्या, काळ्या, उन्हात तापलेल्या. वरच्या पायरीवर चार कावळे. बॉलला पाय लागला की टप्प असा आवाज होऊन तो भिंतीवरून परत यायचा. विजयेंद्र कॉलेजचे खेळाडू एकमेकांना नावानं हाका मारत मजेत खेळत होते. आमची पोरं मात्र बावरली होती. पास दिला की आपोआप पायऱ्यांकडे बघायची, तिथं कुणीच नसायचं. आमचा लेफ्ट आउट मला मध्यंतरात म्हणाला, “उदा, मसनात खेळल्यागत वाटतंय रं.”

हैदर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा चाचपडला. मी पंजा उघडत होतो, मूठ वळत होतो. हाताची बोटं दुखायला लागली होती. पण तो टिकला. समितीच्या मांडवात, त्यांचे पाहुणे म्हणून, पांढरा बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ मांडीवर वही ठेवून बसले होते. हैदरनं उजवीकडे आडवं पडून एक बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते हैदरनंही पाहिलं आणि मीही.

दुसरा हाफ. शून्य-शून्य. शेवटची पंधरा मिनिटं राहिली असतील. विजयेंद्रचा सेंटर फॉरवर्ड नंदू पारगावकर आमच्या पाठीमागे निसटला, त्याला लांबून बॉल मिळाला आणि शिट्टी झाली. ऑफसाइड. त्या शांततेत ती शिट्टी सुरीसारखी आरपार गेली. आम्ही सगळे थांबलो. नंदूही थांबल्यासारखाच होता. चार पावलं सवयीनं पुढे आला, बॉल पायाशीच होता, मान वळवून तो रेफ्रीला म्हणत होता, “ऑफसाइड कसला ओ?”

हैदरला मात्र दिसत होता फक्त गोलकडे येणारा बॉल. रेफ्री आमच्या आड झाकला गेला होता. हैदर पूर्ण वेगानं पुढे झेपावला आणि दोन्ही हात पसरून नंदूच्या पायांत गेला.

हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पब्लिक असतं तर त्या दिवशीही ऐकू आला नसता.

नंदू किंचाळला. त्याचा डावा पाय नडगीखाली नको तिथं वाकला होता. हैदर बॉल छातीशी घट्ट धरून उठला. चेहऱ्यावर आनंद होता त्याच्या. बॉल त्याच्याकडे होता ना! मग त्यानं नंदूकडे पाहिलं आणि त्याच्या हातातून बॉल सुटला.

विजयेंद्रची पोरं धावून आली. “शिट्टी झाल्यावर मारलास! मुद्दाम मारलास!” एकानं हैदरची गचांडी धरली. मी मधे पडलो. त्यांचे शिक्षक आत आले, ते पोलिसांत देण्याची भाषा करू लागले. मंडलिक सर लांबूनच ओरडत होते, “हैदर, काय केलंस हे?” रेफ्री तरातरा आले. त्यांचा हात खिशाकडे गेला, लाल कार्ड निघालं. “शिट्टी झाल्यावर? अख्ख्या मैदानाला ऐकू आली! तुला जन्मात खेळू देणार नाही मी.”

हैदर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. इतकी तोंडं एकाच वेळी हलत होती की त्याला एकही वाचता येत नव्हतं. मग त्याची नजर माझ्यावर आली. मी काय करणार हे त्यानं ओळखलं. त्यानं मान हलवली. नको. अगदी बारीक. नको, उदा.

आणि मी बोललो.

“त्याला ऐकू येत न्हाई. शिट्टी ऐकूच आली न्हाई त्याला. त्यो बहिरा हाय.”

मी ओरडलो नव्हतो. पण त्या रिकाम्या मैदानात ते वाक्य पायऱ्यांवर आपटून परत आलं. सगळ्यांना ऐकू गेलं. धरलेली गचांडी सुटली. मंडलिक सर जागच्या जागी उभे राहिले. मांडवातल्या त्या गृहस्थांनी वही मिटली. रेफ्रींनी हैदरच्या पाठीमागे जाऊन एक टाळी वाजवली. हैदर वळला नाही. तेव्हा त्यांनी कार्ड खिशात ठेवलं.

हैदरनं हातमोजे काढले, गोलरेषेवर ठेवले आणि तो चालत फाटकाबाहेर गेला. बाहेर पेठ उभी होती. आत काय झालं, ते त्यांना माहीत नव्हतं. हैदरला बघून त्यांनी त्याच्या नावाचा जयजयकार सुरू केला. भिंतीपलीकडून तो आवाज आत येत राहिला. आमचा बदली गोलकीपर हातमोजे घालत होता तोपर्यंत.

आम्ही एका गोलनं हरलो. त्याचं फारसं दुःख कुणाला झालं नाही.

मी हैदरच्या दुकानावर तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यानं मान वर केली नाही. दगड फिरत राहिला. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी तो बघायला तयार नसेल तर बोलताच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. जूनमध्ये मला वीज मंडळात नोकरी लागली, नाशिककडे. मग लग्न, बदल्या, मुलं. कोल्हापूर दिवाळीपुरतं उरलं. पण मी कुठंही असलो तरी एक प्रश्न माझ्याबरोबर असायचा. मी ते हैदरसाठी बोललो की कप जिंकायला? लाल कार्ड मिळालं असतं तर आम्ही दहाजण उरलो असतो. कॅप्टनच्या डोक्यात ते नव्हतंच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

निवृत्त होऊन गावी परतलो, त्या वर्षी पुतण्या म्हणाला, “काका, रविवारी आपल्या मैदानावर मॅच हाय. चला की.” मी टाळत होतो, पण गेलो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो आवाज माझ्या टाचेतून वर चढला. काही म्हणता काही बदललं नव्हतं. पोरांच्या हातात मोबाइल होते, हलग्या दुसऱ्यांच्या होत्या, पण आवाज तोच. माझे डोळे पाण्यानं भरले. पुतण्याला वाटलं धूळ गेली.

सगळ्यात खालच्या पायरीवर, हलगीवाल्यांना अगदी खेटून, हैदर बसला होता. दाढी पांढरी, हात तसेच लांब. त्यानंच मला आधी पाहिलं. शेजारच्या माणसाला ढोसून बाजूला सरकवलं आणि पायरीवर थाप मारून मला बसायची खूण केली. जणू गेल्या रविवारीच भेटलो होतो.

तो काहीतरी म्हणाला. त्या गोंगाटात मला शब्दही कळला नाही. मी कानाला हात लावला. तो खदखदून हसला, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “आता कोन बहिरा, आँ?”

शेजारच्यानं मला हात दिला आणि तोही कानाशी येऊन ओरडला. “वळखलं न्हाई वाटतं? नंदू पारगावकर.”

माझी नजर त्याच्या पायाकडे गेली. “बरा हाय पाय,” तो म्हणाला. “थंडीत जरा बोंबलतो. तीन महिने पाय वर टांगून पडलो होतो, ह्यो रोज यायचा दवाखान्यात. मुद्दाम केलं न्हाई म्हनून म्हाईत होतं, मग राग कुनावर काढायचा? माझ्या थोरल्या भावानं ह्याला मिरजेला नेऊन कानाचं मशीन बसवलं.”

“ते कुठाय?” मी विचारलं.

हैदरनं खिशावर थाप मारली. “मॅचला काढून ठेवतो. हितं कशाला पायजे?”

हाफटाइम झाला. आवाज जरा उतरला. नंदू चहा आणायला गेला. मी हैदरच्या समोर वळून बसलो, माझं तोंड त्याला नीट दिसावं म्हणून, आणि इतकी वर्षं जे मनात घोळवलं होतं ते बोललो. माफ कर म्हणालो. तू नको म्हणाला होतास तरी बोललो, म्हणालो. तुझी नोकरी गेली माझ्यामुळं.

त्यानं नजर मैदानाकडे वळवली.

“लई राग होता,” तो म्हणाला. “पाच-सा वर्सं. खोटं कशाला बोलू? तुझ्या घरावरनं जायाचोबी न्हाई.” मग माझ्याकडे वळला. “पर एक गोष्ट डोक्यातनं जाईना. माझ्या कानाबद्दल बोलायचं झालं की समदी दुनिया तोंड फिरवायची. डॉक्टर अब्बांकडं बघून बोलायचा. अम्मी पदर तोंडाला लावून बोलायची, मला कळू नये म्हनून. रेफ्री तुझ्या डाव्या हाताला उभा होता त्या दिवशी. आठवतंय?”

“न्हाई,” मी म्हणालो. खरंच आठवत नव्हतं.

“त्याला सांगायचं होतं तर तू तिकडं तोंड करून बोलला असतास. माझी नजर चुकवून. सोपं होतं. तू माझ्याकडं तोंड करून बोललास. सावकाश. अक्षर न् अक्षर वाचलं मी. बहिरा म्हनून पयल्यांदा मला कुनी माझ्या तोंडावर म्हनलं ते तू.”

 तेवढ्यात दुसरा हाफ सुरू झाला. आमच्या लेफ्ट विंगच्या पोरानं एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि तो गोलकडे वळला तसं सगळं मैदान उभं राहिलं. हैदर उठला, त्यानं माझी मान धरून मलाही उठवलं, आणि आम्ही दोघं ओरडायला लागलो.